भाषा कोणाच्या अखत्यारीत?

(शिक्षक व विद्यार्थ्यांच्या अभ्यासशिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



संयोजकांनी मला ‘संघराज्य आणि सत्तावाटप’ हा विषय दिला, तेव्हा प्रथम मी नकारच दिला होता. मी साहित्याचा माणूस. राज्यशास्त्र शिकवणारे माझे सहकारी याच सभागृहात बसले आहेत आणि त्यांच्यासमोर सातव्या अनुसूचीवर बोलणे म्हणजे सोनाराने कान टोचायचे सोडून शिंप्याने टोचण्यासारखे आहे. पण नंतर एक प्रसंग आठवला आणि मी होकार कळवला. तो प्रसंग आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी सत्तरी तालुक्यातल्या एका गावात सरकारी मराठी प्राथमिक शाळेच्या कार्यक्रमाला गेलो होतो. चारही वर्ग मिळून पटावर अकरा मुले. कार्यक्रम संपल्यावर एका मुलीची आई जवळ आली. शाळा दुसऱ्या गावच्या शाळेत विलीन होणार अशी कुणकुण गावात होती. तिने मला विचारले, ‘‘सर, हें थारायता कोण? दिल्ली काय पर्वरी?’’

मी तीस वर्षे महाविद्यालयात शिकवतो आहे, नावामागे डॉक्टरेट आहे, मराठीच्या प्रत्येक चळवळीत जमेल तसा उभा राहिलो आहे. तरी त्या बाईंना मला सरळ उत्तर देता आले नाही. ‘बघतो, चौकशी करतो’ असे काहीतरी पुटपुटून मी गाडीत बसलो. आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे असे समजा.

शब्दापासून सुरुवात करू, कारण तो माझा प्रांत आहे. आपण रोजच्या बोलण्यात ‘केंद्र’ म्हणतो. केंद्र सरकार, केंद्राचा निधी, केंद्राचे धोरण. हा शब्द चुकीचा नाही. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्‌खंड अधिनियमात त्याची व्याख्या आहे. पण राज्यघटनेच्या पहिल्या कलमात भारताचे वर्णन करताना वेगळा शब्द योजलेला आहे. भारत हा राज्यांचा ‘संघ’ आहे असे ते कलम सांगते. केंद्र म्हटले की डोळ्यांपुढे वर्तुळ येते. मधोमध एक बिंदू आणि बाकी सगळा परीघ. संघ म्हटले की अनेकांनी मिळून झालेली एक वस्तू दिसते. शब्द बदलला की चित्र बदलते, आणि चित्र बदलले की आपण अर्ज कोणाकडे करायचा याची कल्पनाही बदलते.

मसुदा समितीने हा शब्द जाणीवपूर्वक घेतला होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचे कारण दिले. आपले संघराज्य हे घटकराज्यांनी एकमेकांशी करार करून निर्माण केलेले नाही, आणि म्हणूनच कोणत्याही राज्याला त्यातून बाहेर पडण्याचा हक्क नाही, हा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. अमेरिकेत आधी राज्ये होती, मग संघ झाला. त्यामुळे संघाला दिलेले मोजके अधिकार वगळता उरलेले सगळे राज्यांकडे किंवा जनतेकडे, असे तिथली दहावी घटनादुरुस्ती सांगते. आपल्याकडे कॅनडासारखी उलट योजना आहे. ज्या विषयाचे नाव कोणत्याच यादीत नाही, तो विषय संसदेकडे जातो. घरातल्या वाटणीच्या कागदावर न लिहिलेली भांडी कोणाची, हा प्रश्न आपल्या घटनेने थोरल्याच्या बाजूने सोडवला आहे.

वाटणीचा तो कागद म्हणजे सातवी अनुसूची. १९३५ च्या भारत सरकार कायद्यातच तीन याद्यांची पद्धत आली होती. घटनेने ती स्वीकारली आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलली. मूळ घटनेत संघ सूचीत ९७ नोंदी होत्या, राज्य सूचीत ६६ आणि समवर्ती सूचीत ४७. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, रेल्वे, टपाल, बँका, चलन आणि जनगणना हे संघाचे विषय. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती, जमीन, स्थानिक स्वराज्य संस्था हे राज्यांचे. समवर्ती सूचीत विवाह, करार, कामगार कल्याण यांसारखे विषय, ज्यांवर दोघांनाही कायदा करता येतो. तिथे दोघांचे कायदे एकमेकांना भिडले तर २५४ व्या कलमानुसार संसदेचा कायदा वरचढ ठरतो. राज्याचा कायदा राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवला गेला आणि त्यांनी संमती दिली, तर त्या राज्यापुरता तो टिकतो. पण संसद पुढे तोही बदलू शकते.

एवढे ऐकून वाटेल की राज्ये म्हणजे नुसती पोटकार्यालये. तसे नाही. १९९४ च्या एस. आर. बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने संघराज्य हा घटनेच्या मूलभूत संरचनेचा भाग मानला. आपल्याला नेमून दिलेल्या क्षेत्रात राज्ये ही स्वतःच्या अधिकाराने उभी असतात, संघाने दिलेल्या भाड्याच्या जागेत राहत नाहीत, हे त्या निकालाने स्पष्ट केले.

हा फरक पुस्तकातून समजून घेण्याची आपल्याला फारशी गरज नसावी. आपल्या पिढीने तो अंगावर घेतला आहे. माझ्या दहावीच्या प्रमाणपत्रावर ‘गोवा, दमण आणि दीव’ असे लिहिलेले आहे. मी सतरा वर्षांचा असताना, ३० मे १९८७ रोजी, आपण राज्य झालो. त्याआधी आपण केंद्रशासित प्रदेश होतो. १९६३ पासून आपल्याला विधानसभा होती, भाऊसाहेब बांदोडकरांसारखे लोकप्रिय मुख्यमंत्री होते, गावोगाव प्राथमिक शाळा उघडल्या जात होत्या. पण केंद्रशासित प्रदेशासाठी संसद राज्य सूचीतल्या विषयांवरही कायदा करू शकते. म्हणजे घर आपले, पण किल्लीची दुसरी जोडी कायम दिल्लीला.

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाकडेही या दृष्टीने पाहावे. त्याविषयी आपल्या घराघरांत वेगवेगळ्या आठवणी आहेत आणि या सभागृहातही दोन्ही बाजूंच्या घरांतली माणसे बसलेली आहेत. मला त्या वादात आज शिरायचे नाही. मला फक्त मतपत्रिकेकडे लक्ष वेधायचे आहे. तिच्यावर दोनच चिन्हे होती. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे केंद्रशासित प्रदेश. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. स्वतंत्र राज्याचे तिसरे चिन्ह त्या पत्रिकेवर नव्हते. प्रश्न विचारण्याचा अधिकार संसदेचा होता, कारण कौल संसदेच्या कायद्याने घेतला गेला. उत्तर देण्याचा तेवढा आपला. ज्याच्या हाती प्रश्न लिहिण्याचा अधिकार, त्याच्या हाती अर्धे उत्तर असते. परीक्षेचे पेपर काढणाऱ्या शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको.

आता भाषेकडे येतो. सातव्या अनुसूचीच्या तीन याद्या तुम्ही वरून खाली वाचल्या, तर ‘भाषा’ नावाची स्वतंत्र नोंद तुम्हाला सापडणार नाही. भाषेसाठी घटनेत सतरावा भाग वेगळा आहे आणि त्यात अधिकार एका ठिकाणी न ठेवता विखुरलेले आहेत. एकाच भाषेचे दरवाजे अनेक, आणि प्रत्येकाची चौकट वेगळी.

पहिला दरवाजा राजभाषेचा. ३४५ व्या कलमानुसार राज्याची राजभाषा राज्याचे विधानमंडळ कायद्याने ठरवते. राज्यात वापरात असलेली एक किंवा अनेक भाषा त्याला स्वीकारता येतात. आपल्याकडचा राजभाषा कायदा १९८७ च्या फेब्रुवारीत, राज्य होण्याच्या जेमतेम चार महिने आधी, केंद्रशासित प्रदेशाच्या विधानसभेने केला. देवनागरीतील कोकणी ही राजभाषा झाली आणि मराठीचाही शासकीय कामकाजात वापर होईल अशी तरतूद त्यात आली. मराठीला राजभाषेचे स्थान मिळावे ही मागणी तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे. ती मान्य व्हावी की नाही यावर मतभेद असू शकतात. पण त्या मागणीचा दरवाजा पर्वरीला आहे, दिल्लीला नाही, यावर मतभेद होण्याचे कारण नाही. एक अपवाद ३४७ व्या कलमाचा. राज्यातल्या लोकसंख्येच्या मोठ्या भागाची तशी इच्छा आहे अशी राष्ट्रपतींची खात्री पटली, तर ते एखाद्या भाषेला राज्यात अधिकृत मान्यता देण्याचा निर्देश देऊ शकतात.

दुसरा दरवाजा आठव्या अनुसूचीचा. तिथे भर घालायची तर घटनादुरुस्ती लागते, म्हणजे तो अधिकार संसदेचा. मराठी १९५० पासून, मूळच्या चौदा भाषांमध्ये आहे. कोकणी १९९२ च्या ७१ व्या घटनादुरुस्तीने मणिपुरी आणि नेपाळीबरोबर तिथे आली. लक्षात घ्या, राज्याची राजभाषा झाल्यानंतर पाच वर्षांनी. राज्याचा दरवाजा उघडला म्हणून संघाचा आपोआप उघडत नाही.

तिसरा दरवाजा अभिजात दर्जाचा. हा घटनेत नाहीच. तो केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय असतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला पाली, प्राकृत, आसामी आणि बंगालीसह तो मिळाला आणि आपण सर्वांनी पेढे वाटले. मीही वाटले. परंतु त्या निर्णयाने सत्तरीतल्या अकरा मुलांच्या शाळेचा एकही वर्ग वाचत नाही, कारण तो अधिकार त्या दरवाजाआड नाही.

चौथा दरवाजा संघाच्या कार्यालयांचा. इथे माझ्या स्वतःच्या फजितीची गोष्ट सांगतो. नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी आम्ही काही तरुण प्राध्यापकांनी दोनशे सह्या गोळा केल्या. मागणी अशी की टपाल आणि बँकेचे फॉर्म मराठीत मिळावेत. निवेदन घेऊन गेलो राज्याच्या एका कार्यालयात. तिथल्या वयस्क अधिकाऱ्यांनी चहा पाजला आणि हसून म्हणाले, ‘‘सर, टपाल आमचं नाही. तुम्ही पत्ता चुकलात.’’ त्याच महिन्यात आमच्या दुसऱ्या गटाने, राज्याच्या खात्यांनी मराठी पत्रांना मराठीतून उत्तर द्यावे असे निवेदन थेट दिल्लीला रवाना केले होते. सहा महिन्यांनी उत्तर आले की हा विषय राज्य शासनाच्या कक्षेतील आहे. दोन्ही निवेदनांची भाषा उत्तम होती. व्याकरणाची एकही चूक नव्हती. चूक फक्त पाकिटावर होती.

नंतर मी १९७६ चे राजभाषा नियम वाचले. संघाच्या कार्यालयांतल्या हिंदीच्या वापरासाठी त्यांत देशाचे क, ख आणि ग असे तीन भाग केले आहेत. महाराष्ट्र ‘ख’ मध्ये, गोवा ‘ग’ मध्ये. सावंतवाडीचे टपाल कार्यालय आणि पेडण्याचे टपाल कार्यालय यांत काही मैलांचे अंतर आहे, दोन्हीकडच्या काउंटरवर येणारी माणसे एकमेकांची सोयरी असतात, पण नियमांच्या नकाशावर ती वेगवेगळ्या भागांत आहेत. आणि हेच नियम तामिळनाडूला लागूच नाहीत. नियमातच तसे लिहिले आहे. संघराज्य म्हणजे सर्वांना एकच माप नव्हे, याचा याहून चांगला नमुना शोधायला नको. मात्र तो नमुना कोणी कृपेने दिलेला नाही, मागून घेतलेला आहे.

पाचवा दरवाजा शिक्षणाचा, आणि त्या आईचा प्रश्न याच दरवाजाशी उभा आहे. मूळ घटनेत शिक्षण हा राज्य सूचीतला विषय होता, अकराव्या क्रमांकाची नोंद. आणीबाणीच्या काळात १९७६ साली ४२ वी घटनादुरुस्ती झाली आणि शिक्षण, वने, वन्य प्राणी व पक्षी यांचे संरक्षण, वजने-मापे आणि न्यायदानाची व्यवस्था असे पाच विषय राज्यांच्या यादीतून समवर्ती यादीत गेले. ३ जानेवारी १९७७ पासून हा बदल लागू झाला. नंतर ४४ व्या दुरुस्तीने आणीबाणीतले बरेच काही मागे घेतले गेले, पण शिक्षण पुन्हा राज्यांकडे आले नाही. आज ते २५ व्या नोंदीखाली दोघांचे आहे.

दोघांचे असण्यात तसे वाईट काही नाही. २००९ चा बालशिक्षण हक्क कायदा संसदेने याच अधिकाराने केला. प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक हवेत, आणि शक्य असेल तिथवर शिक्षणाचे माध्यम मुलाची मातृभाषा असावे, हे त्या कायद्यात आहे. शाळा चालवायची, शिक्षक नेमायचे, विलीन करायची की टिकवायची हे राज्य ठरवते. समग्र शिक्षा योजनेचा खर्च आपल्यासारख्या राज्यात संघ ६० आणि राज्य ४० अशा प्रमाणात वाटला जातो. आणि जिथे पैसा येतो तिथे अटीही येतात. पीएम श्री शाळांच्या कराराच्या वादात तामिळनाडूचा समग्र शिक्षेचा निधी अडला, तेव्हा हे सर्वांना दिसले. धोरण हा कायदा नसतो, राज्य त्याला नाही म्हणू शकते. पण नळाची चावी ज्याच्या हाती, त्याचा सल्ला हुकमासारखा ऐकू येतो.

उलट प्रकारही होतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय निघाला. तेव्हा राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाकडे बोट दाखवले गेले. धोरण संघाचे खरे, पण त्यात कोणतीही भाषा कोणत्याही राज्यावर लादली जाणार नाही असेही म्हटलेले आहे. निर्णयाचा कागद मुंबईत निघाला होता, आणि लोक रस्त्यावर उतरल्यावर २९ जून रोजी तो मागेही मुंबईतच घेतला गेला. समवर्ती विषयाचे दुखणे हेच आहे. श्रेय घ्यायला दोघे पुढे, आणि जाब विचारला की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

माध्यमाच्या प्रश्नात आणखी एक सत्ता आहे, न्यायालयाची. प्राथमिक शिक्षणाचे माध्यम मातृभाषाच असावे अशी सक्ती कर्नाटकाने केली होती. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की विनाअनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांवर अशी सक्ती राज्याला करता येणार नाही. माध्यम निवडण्याचा हक्क हा स्वातंत्र्याचा भाग आहे. निकाल पटो वा न पटो, त्याचा अर्थ समजून घ्यायला हवा. हुकूम देण्याचा मार्ग राज्याला बऱ्याच अंशी बंद झाला; उरला तो अनुदानाचा मार्ग आणि स्वतःच्या शाळा चांगल्या ठेवण्याचा मार्ग. आपल्याकडे १९९० च्या धोरणाने मातृभाषेतल्या प्राथमिक शाळांना अनुदान, हे सूत्र धरले होते; २०११ पासून इंग्रजी शाळांच्या अनुदानावरून काय झाले ते आपण पाहिले आहे. त्या आंदोलनात कोकणीवाले आणि मराठीवाले एका मांडवाखाली बसले होते, हे मात्र विसरू नये.

आता एक कटू गोष्ट आपल्याच लोकांना सांगायची आहे. आम्ही मराठी माणसे संघराज्याबद्दल दोन तोंडांनी बोलतो. महाराष्ट्रात असलो की राज्याच्या अधिकारांचे गोडवे गातो. २०२० च्या कायद्याने तिथल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली, त्याचे स्वागत करतो. बेळगावात असलो की कर्नाटकाच्या २०१५ च्या कन्नड अध्ययन कायद्याकडे जुलूम म्हणून पाहतो आणि संघाने मध्ये पडावे म्हणतो. माझे आजोळ खानापूरचे. सीमाभागातल्या माणसाची जखम मी आजीच्या तोंडून ऐकली आहे. १९६७ चा महाजन अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला दावा, हे तिथे घरातल्या आजारपणासारखे रोजच्या बोलण्यातले विषय आहेत. म्हणून मी हे हलकेपणाने बोलत नाही. पण जे तत्त्व आपण पुण्यात मांडतो ते बेळगावात मोडते, आणि बेळगावात मांडतो ते पुण्यात मोडते, तर त्यात तत्त्व कमी आणि सोय जास्त आहे.

मग सगळीकडे टिकेल असे तत्त्व कोणते? घटनेने ते १९५६ साली, भाषावार राज्यरचनेच्या वेळीच, सातव्या दुरुस्तीने लिहून ठेवले आहे. कोणतीही रेषा कशीही ओढली तरी काही माणसे पलीकडे राहणारच, हे तेव्हा उमगले होते. म्हणून ३५० क हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याक गटातल्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि राज्यातल्या प्रत्येक स्थानिक प्राधिकाऱ्याने करावा, आणि त्यासाठी राष्ट्रपती निर्देश देऊ शकतात. ३५० ख ने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमला. तो चौकशी करतो, अहवाल देतो. अहवाल संसदेपुढे जातो आणि राज्यांकडेही पाठवला जातो. हुकूम देण्याची ताकद त्याच्याकडे नाही. तरीही जो अहवालात नाही तो प्रश्न कागदोपत्री अस्तित्वातच नसतो. हे तत्त्व बेळगावच्या मराठी मुलाला लागू आहे, तसेच सोलापूरच्या कन्नड मुलाला लागू आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद इथल्या आपल्या माणसांनाही त्याचाच आधार आहे.

गोव्यात मात्र एक गाठ आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्याकडे सुमारे ६६ टक्के लोकांनी मातृभाषा कोकणी नोंदवली आणि सुमारे ११ टक्क्यांनी मराठी. पण सरकारी प्राथमिक शाळांपैकी बहुसंख्य शाळा मराठी माध्यमाच्या आहेत. म्हणजे घरात कोकणी बोलायची आणि शाळेत, देवळात, भजनात, वर्तमानपत्रात मराठी वाचायची, असे जगणाऱ्यांची मोठी संख्या आहे. ती आईही त्यांच्यातलीच. तिने मला प्रश्न कोकणीत विचारला आणि मुलीसाठी शाळा मराठी मागितली. जनगणना हा संघाचा विषय, तिच्या तक्त्यात मातृभाषेला एकच रकाना. शाळा राज्याचा विषय, तिच्या पटावर दुसरीच भाषा. घटनेने सत्ता वाटली, पण माणूस वाटला जात नाही. तिच्या एका आयुष्यात दोन भाषा भांडत नाहीत. भांडण आपण सभागृहांत करतो.

सत्तावाटपाला तिसरा मजलाही आहे, त्याकडे आपण फार क्वचित पाहतो. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवण्याजोगे २९ विषय दिले आहेत आणि त्यांत प्राथमिक व माध्यमिक शाळा आहेत. किती सोपवायचे हे राज्याच्या मर्जीवर. दिल्लीने अधिकार खाली सोडावेत म्हणून ओरडणारी राज्ये आपल्या पंचायतींसमोर मात्र स्वतःच दिल्ली होऊन बसतात.

आता त्या आईला द्यायचे उत्तर. मी तीन महिन्यांनी पुन्हा त्या गावी गेलो. शाळेच्या पायरीवर बसून तिला आणि आणखी चार-पाच पालकांना सांगितले : शाळा ठेवायची की विलीन करायची हा निर्णय पर्वरीचा. दोन शिक्षकांचा नियम संसदेच्या कायद्याचा, त्यामुळे दुसरी शिक्षिका नसेल तर त्या कायद्याचे नाव घालून तक्रार करा. शाळा व्यवस्थापन समितीत तुम्ही पालकच बहुसंख्य असता, तिच्या बैठकीत ठराव करा. ग्रामसभेत ठराव घ्या. प्रत्येक ठरावाची पोच घ्या. आणि पहिल्यांदा, पुढच्या जूनमध्ये किती मुले येतील याची नावांसकट यादी करा, कारण पटावर मुले नसतील तर कोणतेच कलम शाळेत शिकायला येणार नाही. यादी त्यांनी केली. ती शाळा आज चालू आहे, पटावर चौदा मुले आहेत. पुढच्या वर्षी काय होईल ते मला सांगता येत नाही.

इथे बसलेल्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. मराठीच्या वर्गात आपण निबंध शिकवतो, कवितेचे रसग्रहण शिकवतो, पत्रलेखनही शिकवतो. पत्रलेखनाच्या तासाला मायना आणि समारोप यांचे गुण देतो. यापुढे एक प्रश्न वाढवा : हे पत्र कोणाला लिहायचे? गावच्या रस्त्याचे कोणाला, रेल्वेच्या फलकाचे कोणाला, म्हादईच्या पाण्याचे कोणाला? ती नदी खानापूर तालुक्यात उगम पावते, आपल्याकडे येऊन मांडवी होते, आणि २०१८ साली लवादाने तिचे पाणी तीन राज्यांत वाटून दिले. पाणी राज्य सूचीत, पण आंतरराज्य नद्यांचे नियमन संघ सूचीत. ते पत्र कोणाला लिहायचे, हे ठरवताना मुले एका तासात सातवी अनुसूची शिकतील.

आणि विद्यार्थ्यांना एवढेच. भाषेवर प्रेम करणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. भाषेचे काम कोणत्या टेबलावर अडले आहे हे ठाऊक असलेली थोडी आहेत. माझी पहिली वर्षे पहिल्या प्रकारात गेली आणि दोनशे सह्या वाया गेल्या. तुमच्या सह्या वाया जाऊ नयेत.